सोपाऱ्याचा अशोक



सम्राट अशोकाचे नाव निघाले की आपले मन लगेच पाटलीपुत्राकडे, सारनाथच्या सिंहांकडे, नाही तर कलिंगाच्या रणभूमीकडे धाव घेते. ही सारी स्थळे आपल्यापासून शेकडो कोस दूर. त्यामुळे अशोक हा उत्तरेचा राजा, आपल्या कोकणाशी त्याचा संबंध काय तो नकाशावरच्या रंगापुरता, अशी समजूत सहज होते. परंतु मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला या समजुतीत राहण्याचे कारण नाही. भाईंदरचे स्थानक सोडून आगगाडी उत्तरेकडे निघाली, वसईच्या खाडीवरील पूल तिने ओलांडला, की नायगाव, वसई रोड आणि तिसरे नालासोपारा. या स्थानकाच्या पश्चिमेस जुने सोपारे गाव आहे आणि त्याच्या परिसरात अशोकाने आपल्या धर्माज्ञा दगडांवर कोरविल्या होत्या. अशोकाचे जे चौदा मुख्य शिलालेख प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी काही महाराष्ट्राच्या भूमीवर सापडले असतील तर ते या एकाच ठिकाणी.

हे सोपारे म्हणजे कोकणचे फार प्राचीन बंदर. महाभारतात त्यास शूर्पारक म्हटले आहे, पाली ग्रंथांत सुप्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने या किनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भडोचच्या खालच्या बंदरांत सोपाऱ्याचे आणि मागोमाग कल्याणचे नाव येते. कान्हेरी, कार्ले आणि नाशिक येथील लेण्यांत कोरलेल्या लेखांतही सोपाऱ्याचा उल्लेख आढळतो. ज्या खाडीतून गलबते थेट गावापर्यंत येत, ती पुढे गाळाने भरत गेली, व्यापार इतर बंदरांकडे वळला, आणि सोपारे केळी-पानमळ्यांत व तळ्यांच्या काठी निवांत पडून राहिले. आपल्या गावात कोण राजा काय लिहून गेला, याची गावास आठवणही उरली नव्हती. तेथील मोठ्या स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. धर्म विसरला, राजा विसरला, आणि टोपल्या विणणाऱ्या कोणा काल्पनिक राजाचे नाव तेवढे टेकाडाला चिकटले.

ही विस्मृती मोडली ती १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. भगवानलाल हे जुनागढचे, जन्म १८३९ चा. जुनागढहून गिरनारच्या वाटेने निघाले की रस्त्यातच एक प्रचंड शिळा लागते आणि तिच्यावर अशोकाचे चौदाही लेख आहेत. ती अक्षरे पाहतच हा मुलगा वाढला आणि त्यांच्याच नादाने पुढे पुरातत्त्वाकडे वळला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनी त्यांना आपल्याकडे आणून देशभर लेखांच्या शोधार्थ फिरविले. भगवानलालांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, परंतु ब्राह्मी अक्षर ओळखणारी अशी नजर त्या काळी फार थोड्यांपाशी होती. १८८२ च्या एप्रिलात त्यांनी बुरूड राजाचा कोट खणविला आणि त्याच सुमारास गावातील भातेला तलावाजवळ त्यांना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावरील थोड्याच ओळी शिल्लक होत्या. तथापि गिरनारची शिळा ज्याने बालपणापासून पाहिली, त्याला त्या ओळखण्यास अडचण पडली नाही. तो अशोकाच्या आठव्या लेखाचा अंश होता.

दुसरा तुकडा हाती येण्यास चौऱ्याहत्तर वर्षे जावी लागली. १९५६ साली सोपाऱ्याजवळच समुद्रकाठच्या भुईगाव येथे आणखी एक शिळा उजेडात आली आणि तिच्यावर नववा लेख निघाला. या दोन लेखांवरून विद्वानांचे अनुमान असे की, गिरनारप्रमाणे सोपाऱ्यासही मूळचे चौदा लेख कोरलेले असावेत. आज आपल्या हाती आहेत ते दोन, तेही खंडित. मला येथे ज्या गोष्टीकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे ती हीच की, कलिंगयुद्धाची कहाणी ज्यात आहे तो तेरावा लेख आपल्याकडे मिळालेला नाही. जे दोन मिळाले त्यांत रणांगण नाही, रक्त नाही, शोक नाही. एकात राजाने सहलीचे दिवस कसे घालवावेत हे सांगितले आहे, आणि दुसऱ्यात घरच्या लग्नमुंजींसारख्या मंगलकार्यांचा विचार आहे. वरवर पाहणाऱ्यास यात काय मोठे, असे वाटेल. माझे म्हणणे उलट आहे. अशोक बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे समजण्यास तेराव्या लेखाहूनही हे दोन लेख अधिक उपयोगी पडतात.

तेरावा लेख कशाविषयी आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अभिषेकास आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २६० च्या सुमारास, अशोकाने कलिंग जिंकले. तो स्वतःच आकडे देतो. दीड लाख माणसे तेथून हलविली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. युद्धात जे मेले त्यांच्याविषयीच नव्हे, तर ज्यांचे आप्त गेले त्यांच्या दुःखाविषयीही तो खंत व्यक्त करतो. जिंकणाऱ्या राजाने आपल्या विजयाची किंमत अशी मोजून दाखवावी आणि तिची लाज वाटते असे दगडावर लिहावे, याला जगाच्या इतिहासात जोड शोधणे कठीण आहे.

या एका लेखावर पुढील काळाने एक नाटक रचले. पूर्वीचा क्रूर 'चंडाशोक' रणांगणावर उभा आहे, प्रेतांचा खच पाहतो आहे, आणि एका क्षणात 'धर्माशोक' होतो. अशोकावदानासारख्या बौद्ध ग्रंथांनी त्याच्या पूर्वायुष्यातील क्रौर्याच्या कथा भडक रंगाने रंगविल्या आहेत. राजा जितका दुष्ट, तितका धर्माचा महिमा थोर. अशोकाचे स्वतःचे शब्द मात्र निराळेच सांगतात. एका लघुलेखात त्याने कबूल केले आहे की, उपासक होऊन अडीच वर्षांवर काळ लोटला, परंतु त्यातील पहिले वर्ष आपण फारसा प्रयत्न केला नाही. पुढे संघाशी संबंध वाढल्यावर आपण नेटाने मार्गास लागलो. हे एका क्षणात पालटलेल्या माणसाचे बोलणे नव्हे. हा हळूहळू, अडखळत, वर्षे मोजीत बदललेला माणूस आहे.

आणि येथेच सोपाऱ्याचा आठवा लेख मदतीस येतो. त्यात अशोक म्हणतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत आणि तशाच प्रकारच्या इतर करमणुकी करीत. आपण मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. संबोधी म्हणजे गौतमाला जेथे ज्ञान झाले ते स्थान, आजचे बोधगया, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कलिंगाचे युद्ध आठव्या वर्षी, संबोधीची यात्रा दहाव्या वर्षी. मध्ये दोन वर्षे गेली. पश्चात्ताप झाल्यावर जीवनक्रम पालटावयास सम्राटालासुद्धा इतका अवधी लागला.

धर्मयात्रेत राजा काय करीत असे? याचीही त्याने यादी दिली आहे. श्रमण व ब्राह्मण यांच्या भेटी घ्यावयाच्या आणि त्यांस दान द्यावयाचे. वृद्धांस भेटून त्यांस द्रव्याची मदत करावयाची. आणि जानपदांत, म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांत, जाऊन त्यांना धर्म सांगावयाचा व धर्माविषयी त्यांच्याशी विचारपूस करावयाची. श्रमणांबरोबर ब्राह्मणही आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. राजा स्वतः बौद्ध झाला असला तरी त्याचे दान एकाच पंथाला जात नव्हते. परंतु मला याहूनही मोलाची वाटते ती शेवटची बाब. सिंहासनावरचा राजा प्रजेला दिसतो तो मिरवणुकीत किंवा स्वारीत. शिकारीला निघालेला राजा गावकऱ्यांना परवडत नसे, कारण त्याच्या हाके-हाकाट्यांत त्यांचीच शेते तुडविली जावयाची. तोच राजा त्याच वाटेने येऊन म्हाताऱ्यांची विचारपूस करू लागला, तर गावाच्या दृष्टीने त्याहून मोठी क्रांती कोणती? आणि या लेखाचा शेवट तर मोठा गोड आहे. हे आपण कर्तव्य म्हणून सोसतो, असे अशोक म्हणत नाही. यातला आनंद आपल्याला पूर्वीच्या सुखांपेक्षा अधिक वाटतो, असे म्हणतो. ज्याला शिकारीची चटक होती तोच असे म्हणू शकतो. पहिल्या लेखात त्याने राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेबही दिला आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच, आणि हरिण तेही रोज नाही. हे उरलेले तीनही प्राणी पुढे मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. आजच सारे सोडले, अशी बढाई तो मारीत नाही. दोन मोरांचा हिशेब चुकविण्याची त्याला गरज वाटली नाही, म्हणून मला त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता भुईगावचा नववा लेख. लोक आजारपणात, मुलाच्या आणि मुलीच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. विशेषतः स्त्रिया पुष्कळशी क्षुल्लक आणि निरर्थक कृत्ये करतात, असे अशोक म्हणतो. नवस, उतारे, दृष्ट काढणे, मुहूर्ताची धावपळ हे सारे ज्या मराठी घरांनी पाहिले आहे, त्यांस हा लेख बावीस शतकांपूर्वीचा वाटणार नाही. स्त्रियांच्या माथी मात्र सम्राटाने थोडे जास्तच मारले आहे. प्रवासाचा उल्लेख त्यानेच केला आहे, आणि त्या काळी लांबच्या प्रवासाला निघत ते बहुधा पुरुषच. असो. पुढे तो जे म्हणतो त्यात त्याचा स्वभाव दिसतो. ही कृत्ये बंद करा, असा हुकूम तो सोडीत नाही. ती करावी लागतात, पण त्यांचे फळ थोडे, एवढेच म्हणतो. मोठे फळ देणारे मंगल निराळे: दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांस दान. यात दास्य मोडण्याची भाषा नाही हे खरे, आणि ते आपण झाकू नये. पण ज्या घरात लग्न आहे, त्या घरच्या यजमानाने आधी आपल्या दासाकडे पाहावे, असे सांगणारा राजा ज्या काळी झाला, तो काळ लक्षात घेतला पाहिजे.

हे लेख सामान्य जनांनी वाचावे तरी कसे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. वाचता येणारे थोडेच होते. कलिंगासाठी लिहिलेल्या लेखांत अशोकाने याची सोय सांगून ठेवली आहे. ठराविक नक्षत्राच्या दिवशी ते लोकांस वाचून दाखवावे, मधल्या दिवसांतही प्रसंगाने वाचावे, आणि ऐकणारा एकच असला तरी त्या एकट्याला ऐकवावे. हे लेख दगडावर असले तरी मुळात कानांसाठी होते, हे नभोवाणीवरून सांगताना मला विशेष आनंद वाटतो.

येथपर्यंत अशोकाची बाजू झाली. परंतु इतिहासकाराने वकील होऊ नये. कलिंगाविषयी ज्या तेराव्या लेखात एवढा पश्चात्ताप आहे, तो खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथील शिळांवर कोरलेलाच नाही. तेथे अकरावा, बारावा व तेरावा असे तीन लेख गाळून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख घातले आहेत. कर्नाटकातील सन्नती हे पुष्कळ मराठी घराण्यांच्या कुलदेवतेचे, चंद्रला परमेश्वरीचे क्षेत्र. तेथे १९८० नंतरच्या दशकात एका देवळाच्या मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख मिळाले. त्यांतही बारावा, चौदावा आणि कलिंगासाठी लिहिलेले तेच दोन स्वतंत्र लेख आहेत. ज्यांना मारले त्यांच्याच दारात त्या संहाराचे आकडे कोरणे राजनीतीस परवडले नसावे. शिवाय अशोकाने कलिंग परत दिले नाही. त्या हलविलेल्या दीड लाखांना पुन्हा आपल्या गावी धाडल्याचा उल्लेख त्याच्या एकाही लेखात नाही. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासी लोकांना त्याने बजावले आहे की, सम्राटाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य संपलेले नाही. देहदंडही त्याच्या राज्यात चालूच होता. अभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावरच्या एका स्तंभलेखात अशा कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिलेली आहे, एवढेच.

मग कलिंगाला काय मिळाले? त्या दोन स्वतंत्र लेखांत अधिकाऱ्यांना ताकीद आहे: सर्व माणसे सम्राटाला आपल्या लेकरांसारखी आहेत, कोणासही विनाकारण बंदीत टाकू नये, छळू नये, आळस, राग आणि उतावीळपणा यांनी न्याय बिघडतो. असे होऊ नये म्हणून ठराविक वर्षांनी तपासणीस अधिकारी पाठविण्याची व्यवस्थाही त्यात आहे. शोक इतरांना सांगितला, आणि जिंकलेल्यांना कारभार नीट करण्याचे वचन दिले. मला हा व्यवहार अपुरा वाटतो. पण तो ढोंगी वाटत नाही. ढोंगी माणूस अधिकाऱ्यांच्या आळसापर्यंत पोहोचत नाही.

याच्या उलट टोकाचाही एक आक्षेप आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ ऐकू येतो. अशोकाने तलवार म्यान केली आणि देश दुबळा झाला, असे म्हणतात. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'अशोक' या इंग्रजी ग्रंथात डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्यासारख्या थोर पंडितानेही, धर्मविजयाच्या धोरणामुळे मगधाची राजकीय वाढ खुंटली, अशा आशयाचे मत मांडले. भांडारकरांचा अधिकार मोठा. तरी हे मत पटण्यासारखे नाही. अरण्यवासीयांना दिलेली तंबी आत्ताच सांगितली. सैन्य मोडल्याचा पुरावा कोठेही नाही. मुलानातवंडांनी नवे विजय मिळवावेत असे मनात आणू नये, आणि आणलेच तर क्षमा व सौम्य दंड यांत आनंद मानावा, एवढे तो म्हणतो. अशोकाच्या मृत्यूनंतर मौर्यांचे राज्य सुमारे अर्धशतक टिकले. एवढ्या विस्तीर्ण राज्याला दुर्बळ वारस पुरतात. त्याला धर्मलेखांची गरज नसते.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. पाचव्या लेखात धर्ममहामात्रांची नेमणूक सांगताना अशोकाने रठिक, पेतेणिक यांच्याबरोबर अपरांतातील इतर लोकांचा उल्लेख केला आहे. अपरांत म्हणजे पश्चिमेचा टोकाचा मुलूख, आणि त्यात आपले कोकण आलेच. सिंहलद्वीपाच्या महावंसात अशी परंपरा नोंदली आहे की, अशोकाच्या काळी पाटलीपुत्राच्या धर्मसंगीतीनंतर जे उपदेशक निरनिराळ्या देशांत गेले, त्यांत अपरांताकडे धर्मरक्षित नावाचा भिक्षू आला आणि महाराष्ट्राकडे महाधर्मरक्षित. यांतील आपल्याकडे आलेला धर्मरक्षित यवन, म्हणजे ग्रीक होता. ग्रीक देशाच्या माणसाने भारताच्या धर्माचा उपदेश कोकणातील लोकांना करावा, यात बंदराच्या गावाला काही विपरीत वाटले नसेल. तेथे तर परदेशी माणूस रोजचाच.

तो उपदेश किती रुजला याची साक्ष बुरूड राजाच्या कोटात निघाली. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे जपून ठेवलेले होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असल्याचे भक्तांनी मानले असावे. पाच मौल्यवान आवरणांच्या आत काय, तर खापरीचे तुकडे! सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीची खूण. भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या, त्या त्याहूनही पाच-सहाशे वर्षांनी अलीकडच्या. अशोकानंतर हजार वर्षे सोपाऱ्यात बुद्धाला मानणारे लोक होते असा याचा अर्थ. हे सारे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले. अशोकाचे दोन्ही लेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

१९५६ सालाविषयी एक गोष्ट सांगण्याची राहिली. भुईगावची शिळा ज्या वर्षी उजेडात आली, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दिवस विजयादशमीचा होता, आणि या दिवसाला अशोकाच्या नावाने 'अशोक विजयादशमी' म्हणतात. शिलंगणाला निघण्याचा हा दिवस. त्या दिवशी नागपुरास जमलेल्यांपैकी कितीजणांना माहीत असेल की, विहारयात्रा सोडून धर्मयात्रेला निघाल्याचे अशोकाने जे लिहिले, त्याचा एक तुकडा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे मुंबईत पडून होता? शिळेचा उरलेला भाग अद्याप मिळालेला नाही. सोपारे, गास, भुईगाव या भागात विहिरी खणणाऱ्यांनी आणि जुने बांध उकलणाऱ्यांनी काळ्या दगडावर रेघांसारखी अक्षरे दिसली, तर त्यावर चुना फासण्यापूर्वी एकदा कोणा जाणत्याला दाखवावीत.